आधी फोटो की आधी ऑर्डर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकचे एक फोटोग्राफर, वय ६१. १९९६ पासून मुंबईच्या एका कंपनीशी संबंध. कंपनीच्या जुन्या मालकांना फोटोंची भारी हौस, ऑफिसात, गेस्ट हाउसात, सगळीकडे फोटो लावलेले आणि बाकीचे गोडाऊनमध्ये. यांचे साधारण १४० प्रिंट्स त्या संग्रहात आहेत. साठेक प्रिंट्स कंपनीने पसंत करून चेक देऊन घेतले, पस्तीसेक कॅलेंडरसाठी काढून घेतले, आणि चाळीसेक २००४ च्या एका प्रदर्शनासाठी नेले ते परत आलेच नाहीत. शिवाय दोन बिलं अडकलीत, एक २०११ चं ४५ हजारांचं, एक गेल्या वर्षीचं ७० हजारांचं. आता कंपनी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं बघणाऱ्या न्यायाधिकरणात गेलीये. पेपरात जाहिरात आली, क्लेम द्यायची शेवटची तारीख जवळ आलीये. मित्र म्हणतात गेलं ते गेलं, पैसे घेतलेस ना मग आता कसला हक्क. पुतण्या म्हणतो सगळे १४० परत मागा, वकिलाची नोटीस पाठवा. आणि यांचा जीव तिसरीकडेच अडकलाय, ज्या माणसाने पहिली संधी दिली त्याच्या पडत्या काळात आपण हिशेब घेऊन दारात उभं राहायचं का.

---

नमस्कार,

तुमची क्लेमची तारीख या सदराच्या तारखेसाठी थांबणार नाही म्हणून यातलं महत्त्वाचं तेवढं तुम्हाला मेलवर आधीच कळवलंय. हे लांबलचक उत्तर तुमच्यासाठी आहेच, पण तुमच्यासारखे अजून पुष्कळ जण आहेत, ज्यांचे फोटो कुठल्यातरी बंद पडत चाललेल्या ऑफिसच्या भिंतीवर लटकतायत आणि ज्यांना वाटतंय की आता काही होऊ शकत नाही, त्यांच्यासाठीही आहे. एक आधीच सांगते, मी वकील नाही. मी बरीच वर्षं एका साप्ताहिकाच्या फोटो विभागात काम केलं आणि एकदा माझे स्वतःचे अकरा रोल एका लॅबसकट गायब झालेत, शटर खाली, मालक गावाला, काउंटरवरच्या मुलाचा फोन बंद. तेव्हा मला कुणी सांगायला नव्हतं म्हणून मी इतकं बोलते.

पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय, "माझे १४० फोटो त्यांच्याकडे आहेत." मला वाटतं घोळ इथूनच सुरू होतो. तुमचे १४० कागद त्यांच्याकडे आहेत. फोटो म्हणजे कागद वेगळा, तो छापायचा-वापरायचा हक्क वेगळा, आणि त्याखाली तुमचं नाव असणं ते आणखी वेगळं. मित्र म्हणतायत सगळं गेलं, पुतण्या म्हणतोय सगळं आणा, आणि दोघंही या तिन्हींचं एकच गाठोडं करून बोलतायत. तुम्ही ते गाठोडं सोडा, घरात जमिनीवर पसरा आणि प्रत्येक प्रिंटपुढे एकच प्रश्न विचारा, आधी फोटो होता की आधी ऑर्डर?

हे का विचारायचं ते सांगते. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याचं कलम १७ असं म्हणतं की ज्याने फोटो काढला तो पहिला मालक, पण कुणी मोबदला देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर ज्याने काढून घेतला तो पहिला मालक. लग्नाच्या फोटोवरून भांडणं होतात ती याच्यामुळेच. म्हणजे तुमची कॅलेंडरवाली पस्तीस, जिथे त्यांनी सांगितलं अमुक तालमीत जा, अमुक घाटात जा, बारा फोटो द्या, त्यांचा कॉपीराइट बहुतेक कंपनीचाच आहे, जर ऑर्डरच्या पत्रात तुम्ही वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर. हे ऐकायला कडू आहे पण पुतण्याला हे आधी सांगा म्हणजे नोटिशीत तो जे लिहायला निघालाय ते लिहिणार नाही. चुकीची मागणी एक जरी असली की समोरचा बरोबर मागण्याही त्याच टोपलीत टाकतो.

पण ती साठ बघा. वारीत तुम्ही स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या पायाने चाललात, आधी काढलेत, नंतर त्यांनी घरी येऊन पसंत करून चेक दिला. तिथे आधी फोटो. चेक फक्त त्या कागदाचा, म्हणजे प्रिंटचा होता. तुम्ही गाय विकलीत म्हणून गोठा विकला जात नाही ना. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करायचा तर लेखी लागतं आणि त्यावर तुमची सही लागते, तोंडी किंवा चेकच्या पाठीमागून होत नाही. तुम्ही लिहिलंय की काही वेळा गुलाबी व्हाउचरवर "सर्व हक्कांसह" असा शिक्का होता आणि तुम्ही सही केलीत. घाबरू नका, तो कागद शोधा. १९९४ च्या दुरुस्तीनंतरचा नियम असा आहे की हक्क देताना किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. कुठला फोटो, कुठला हक्क, किती पैसे हेही त्यात यायला हवं. तुमचे व्हाउचर १९९६ नंतरचे, त्यावर मुदत नसेल तर ते हक्क कधीच फिरून तुमच्याकडे आलेत असं म्हणायला चांगली जागा आहे. हे मात्र वकिलाला कागद दाखवूनच बोला, शिक्क्यात काय शब्द आहेत त्यावर खूप काही ठरतं.

आता ते चाळीस, प्रदर्शनाला गेलेले. माझ्या मते तुमची सगळ्यात भक्कम बाजू इथे आहे आणि तुम्ही पत्रात त्यांच्यावर फक्त दीड ओळ खर्च केलीत! हे प्रिंट्स विकलेलेच नाहीत, परतीच्या बोलीने दिलेत. कागदही तुमचा, हक्कही तुमचा, ते फक्त सांभाळायला होते. कायद्यात याला निक्षेप म्हणतात, आपण ठेव म्हणतो. दिवाळखोरीच्या कायद्यात, २०१६ च्या, स्पष्ट लिहिलंय की कंपनीच्या ताब्यात असलेली पण दुसऱ्याच्या मालकीची, अशी करारावर किंवा ठेवीवर ठेवलेली वस्तू कंपनीची मालमत्ता म्हणून धरायची नाही. पुढे कंपनी विकायलाच निघाली, लिक्विडेशन झालं, तरी त्यातही तोच नियम आहे.

तुम्ही म्हणाल वीस वर्षं झाली, मुदत संपली असेल. मजा बघा, ठेवीच्या वस्तूची मुदत ती ठेवल्यापासून मोजत नाहीत, मागितल्यावर नकार मिळाला तिथून तीन वर्षं मोजतात. तुम्ही संकोचाने कधी मागितलेच नाहीत, त्यांनी कधी नाही म्हटलंच नाही. आयुष्यभर ज्या भिडेचा तुम्हाला राग येतो तीच इथे कामाला आली. फक्त नीट आठवा, २००५-०६ मध्ये कुणा मॅनेजरचं "हे प्रिंट्स आता कंपनीचे आहेत" असं पत्र किंवा मेल आलेलं होतं का. आलं असेल तर चित्र बदलेल.

आणि बिलं. २०११ च्या ४५ हजारांवर मी तुमचा वेळ घालवायला सांगणार नाही. पैशाच्या येण्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती दिवाळखोरीतही लागू होते, मधे त्यांनी लेखी कबूल केलेलं असेल तरच जीव आहे त्यात. गेल्या वर्षीचं ७० हजारांचं मात्र आजच भरा, ऑपरेशनल क्रेडिटर म्हणून, म्हणजे काम किंवा माल दिल्याचे पैसे येणं असलेला, फॉर्म बी, सोबत बिल, कॅलेंडरची ऑर्डर, बँकेचं स्टेटमेंट. मिळतील किती? खरं सांगू, फार आशा धरू नका. लिक्विडेशन झालं तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणवाल्या बँका आणि कामगार, मग कर्मचाऱ्यांचे पगार, मग बिनतारणाचं कर्ज दिलेले, सरकारी देणी, आणि मग आपल्यासारखे. पंगतीत शेवटच्या पानाला बसलेल्याला जे मिळतं ते. पण फॉर्म भरला की तुमचं नाव यादीत येतं आणि तुमच्या मेलला उत्तर देणं समोरच्याला भाग पडतं, माझ्या दृष्टीने त्याची किंमत ७० हजारांपेक्षा जास्त आहे.

आता जरा लांबची गोष्ट सांगते, कारण हे सगळं आधी एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय आणि त्यातून तुम्हाला काय मागायचं ते कळेल.

पोलरॉइड कंपनी माहितीये ना, झटपट फोटोवाली. एडविन लँड तिचा संस्थापक, १९४७ मध्ये त्याने झटपट फोटो लोकांना दाखवला आणि थोड्याच काळात अॅन्सेल अॅडम्सला सल्लागार म्हणून घेतलं, तोच तो योसेमिटीच्या डोंगरांचे काळे-पांढरे फोटोवाला. पुढे कंपनीची पद्धतच पडली, कलाकारांना फिल्म द्यायची, कॅमेरा द्यायचा, स्टुडिओ द्यायचा, बदल्यात काही फोटो कंपनीच्या संग्रहात ठेवायचे. असं करत करत १६ हजारांच्या आसपास फोटो जमले, वॉरहॉल, रॉशेनबर्ग, चक क्लोज, सगळे. कलाकारांना वाटायचं की हे एखाद्या म्युझियमसारखं आहे, एकत्र राहील, लागलं तर प्रदर्शनाला मागून नेता येईल. तुमच्या जुन्या मालकांबद्दल तुम्हाला जे वाटायचं तेच.

२००१ मध्ये पोलरॉइड पहिल्यांदा दिवाळखोरीत गेली. मग हातातून हातात जात २००५ मध्ये टॉम पेटर्स नावाच्या उद्योजकाच्या गटाकडे आली, आणि तो निघाला ठकसेन, ३.६५ अब्ज डॉलरची टोपी फिरवाफिरवी, त्याला पुढे ५० वर्षांची शिक्षा झाली. या भानगडीत डिसेंबर २००८ मध्ये पोलरॉइड दुसऱ्यांदा कोर्टात. घेणेकऱ्यांना पैसे हवेत, विकायला काय आहे, तर फोटो. २००९ मध्ये मिनेसोटाच्या कोर्टाने विक्रीला परवानगी दिली आणि जून २०१० मध्ये न्यूयॉर्कला सदबीजमध्ये दोन दिवस लिलाव, बाराशेच्या आसपास वस्तू, एकूण साधारण सव्वा कोटी डॉलर. अॅडम्सच्या "क्लिअरिंग विंटर स्टॉर्म" च्या एका मोठ्या प्रिंटला ७,२२,५०० डॉलर आले.

चक क्लोजने जाहीर विरोध केला, एका निवृत्त न्यायाधीशाने कलाकारांना गोळा करून करार वाचायला लावले, आमच्याशी काय ठरलं होतं ते बघा म्हणून सांगितलं. पण तोवर परवानगी देऊन झाली होती. कोर्ट वाईट होतं म्हणून असं झालं असं मला वाटत नाही. कोर्टापुढे जे कागद येतात त्यावर ते चालतं, आणि कलाकार कागद घेऊन उशिरा आले, विखुरलेले आले, काहींकडे करारच नव्हते. तुमच्याकडे तारीख अजून शिल्लक आहे, हा फरक लहान नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पोलरॉइडचा बराचसा फोटो एकुलता एक असतो, निगेटिव्ह नसतं, तो कागद गेला की गेला. म्हणून त्यांचा जीव कागदात होता. तुमचा का आहे? तुम्हीच लिहिलंय की बहुतेक निगेटिव्ह घरात स्टीलच्या ट्रंकेत आहेत, फक्त २००८ च्या गोदावरीच्या पुरात खालच्या थरात पाणी शिरलं आणि काही खराब झाल्या. मग आज रात्री ट्रंक उघडा. १४० पैकी कितींची निगेटिव्ह धड आहे ते बघा. माझा अंदाज, तुमची खरी लढाई १४० ची नसून वीस-पंचवीस प्रिंट्सची निघेल, ज्यांचं दुसरं काही या जगात उरलेलं नाही. ते कळलं की मागणं सोपं होतं. त्यातले जे प्रदर्शनवाल्या चाळीसात आहेत ते मालक म्हणून परत मागा. जे विकलेल्या साठात आहेत त्यांचा कागद तुमचा नाही, तो परत मागू नका, पण हक्क तुमचा आहे तेव्हा "तुमच्या ताब्यातल्या प्रिंटवरून मला स्कॅन करू द्या, माझ्या खर्चाने, तुमच्या माणसासमोर" असं मागा. असं मागितलं तर नाही म्हणायला कारण लागतं. आणि पुढे विकायची वेळ आली तर या प्रिंट्सचा भाव मला आधी कळवा, हेही एका ओळीत घाला, बंधनकारक नाही पण विचारायला काय जातं.

(मधेच एक. पोलरॉइडचा युरोपातला भाग, साधारण ४,४०० फोटो, स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या म्युझियमकडे ठेवलेला होता, तो वेगळा राहिला आणि २०११ मध्ये व्हिएन्नाच्या वेस्टलिख्ट या फोटो-संग्रहालयाने अख्खा एकत्र घेतला. म्हणजे फुटलाच पाहिजे असं नाही. तुमच्या कंपनीचा संग्रह फक्त तुमचा नाहीये, अजून दहा-पंधरा फोटोग्राफर असतील, त्यांना फोन लावा. एकाच पत्रावर पंधरा सह्या आणि एखाद्या संग्रहालयाचं "आम्ही बघू इच्छितो" असं पत्र, याचं वजन वेगळं.)

आता एक चुकीची अपेक्षा काढून टाकू. पुतण्या म्हणतोय टेम्पो घेऊन जाऊ आणि आपले चाळीस उचलून आणू. तसं होणार नाही. एनसीएलटीने प्रकरण दाखल करून घेतल्यावर मोरॅटोरियम, म्हणजे तात्पुरती स्थगिती लागते आणि त्या काळात कंपनीच्या ताब्यातली वस्तू तिच्या मालकालाही ओढून नेता येत नाही. आता हे विचित्र आहे खरं, एकीकडे कायदा म्हणतो ही वस्तू कंपनीची नाही, दुसरीकडे म्हणतो आत्ता हात लावू नका. पण अर्थ असा की आज भांडायचं ते उचलण्यासाठी नाही, यादीसाठी. आयआरपीने, म्हणजे या काळात कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाने, मालमत्तेची जी यादी केलीये किंवा करणार आहे, त्यात तुमचे चाळीस "इतरांचे, ताब्यात ठेवलेले" म्हणून वेगळे निघाले पाहिजेत. एकदा ते "ऑफिस डेकोर, फ्रेम्स, १ लॉट" अशा एका ओळीत गेले की संपलं, मग ती ओळ टेबल-खुर्च्यांबरोबर कुणीतरी विकत घेईल आणि त्याला कळणारही नाही त्याने काय घेतलं.

पत्र कसं लिहायचं ते विचारलंत. वकिली भाषा नको. आयआरपीच्या नावाने, जाहिरातीत दिलेल्या मेलवर आणि शिवाय स्पीड पोस्टने. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण. मग तीन तक्ते, साठ, पस्तीस, चाळीस, प्रत्येक फोटोचा छोटा थंबनेल, काढल्याचं साल, साइझ, प्रिंटच्या मागे काय लिहिलंय, कंपनीकडे कधी गेला, कशाच्या आधारे. पुरावा जो असेल तो, प्रदर्शनाचं निमंत्रणपत्र ज्यात तुमचं नाव आहे, कुरियरची पावती, त्या वेळच्या उद्घाटनाचा पेपरातला फोटो ज्यात मागे तुमचे प्रिंट्स दिसतायत, सगळं चालतं. मग मागण्या, साध्या शब्दात. हे चाळीस मालमत्तेत धरू नका आणि तसं मला लेखी कळवा. साठांचा कॉपीराइट माझा आहे, कागद कुणालाही विकलात तरी विकत घेणाऱ्याला तो मिळत नाही हे विक्रीच्या कागदात नोंदवा. मला प्रिंट्स बघायला एक दिवस द्या. आणि कुठेही वापरले तर माझं नाव.

यात एक गोष्ट लोक विसरतात, हार्ड डिस्क. कंपनीने तुमचे प्रिंट्स स्कॅन करून ठेवलेत, तुम्हीच लिहिलंय. उद्या "डिजिटल लायब्ररी" नावाने ते सर्व्हरसकट कुणी घेतलं तर कागदापेक्षा जास्त नुकसान तिथे आहे, कारण कागद एकाच भिंतीवर लागतो आणि फाइल हजार ठिकाणी. म्हणून फाइल्सचा वेगळा परिच्छेद. आणि ज्यांचे फोटो फक्त दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहेत अशा तरुण वाचकांनी हे ऐका, २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत डिजिटल रेलरोड नावाची फोटो साठवायची कंपनी बंद पडली तेव्हा फोटोग्राफरना स्वतःच्या फाइल्स उतरवून घ्यायला २४ तास दिले होते. चोवीस तास! वर्षानुवर्षांचं काम आणि सगळे एकाच वेळी डाउनलोडला बसलेले.

फ्रान्समध्ये सिग्मा म्हणून मोठी फोटो एजन्सी होती, नंतर ती बिल गेट्सच्या कॉर्बिसने घेतली. तिथल्या एका फोटोग्राफरचे शेकडो फोटो हरवले, तो कोर्टात गेला आणि कोर्टाने मोठी भरपाई द्यायला लावली, आणि २०१० मध्ये ती एजन्सीच लिक्विडेशनमध्ये गेली, मग हजारो फोटोग्राफर आपापल्या स्लाइड्स शोधत. हे मी पुतण्यासाठी सांगतेय. कोर्टात जिंकणं आणि वस्तू हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आयआरपीने उत्तरच दिलं नाही किंवा नाही म्हटलं तर? तर एनसीएलटीत त्याच प्रकरणात अर्ज करता येतो, कलम ६०(५) खाली. तिथे पक्षकार स्वतः उभा राहू शकतो, वकीलच पाहिजे असं नाही, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीही चालतो, पण पहिल्यांदा जाताना कुणीतरी सरावलेला सोबत असलेला बरा. आणि हे लांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सांगून टाकलंय की एकदा नव्या मालकाची योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेले जुने दावे संपले. ते पैशाच्या दाव्यांबद्दल आहे, तुमच्या ठेवीच्या वस्तूंना जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण नव्या मालकाच्या वकिलाशी तो वाद घालत बसण्यापेक्षा आत्ता मेल पाठवणं स्वस्त. तारीख हुकलीच तर पैशाचा क्लेम उशिरा घ्यायची सोय प्रकरण दाखल करून घेतल्यापासून साधारण ९० दिवसांपर्यंत आहे, उशीर का झाला ते लिहावं लागतं. पण तुम्ही त्या सोयीवर झोपू नका.

नावाबद्दल थोडं. कॅलेंडरच्या पस्तिसांवर तुमचा कॉपीराइट नसला तरी ते तुम्ही काढलेत हे सांगायचा हक्क तुमच्याकडेच आहे, कलम ५७, तो विकला तरी जात नाही. दिल्लीत विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांचं मोठं भित्तिशिल्प होतं, सरकारने काढून गोडाऊनमध्ये टाकलं, मोडतोड झाली. सहगल भांडत राहिले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने पाच लाख भरपाई आणि शिल्पाचे उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला सांगितले. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं तरी. कंपनीच्या गोडाऊनमध्ये ओल आहे, वाळवी आहे असं तुम्ही लिहिलंय, तर पत्रात या निकालाचा एका ओळीत उल्लेख करायला हरकत नाही. आणि उगाच आशा नको म्हणून हेही सांगते, चित्रं-शिल्पं पुन्हा विकली गेली की कलाकाराला वाटा मिळायची तरतूद आपल्या कायद्यात आहे, कलम ५३ए, पण त्यात फोटोग्राफ हा शब्दच नाही. फोटोग्राफी ही कला आहे का हा वाद आपण चहावर घालतो, कायद्याने त्या ओळीत तो आपल्याविरुद्ध मिटवून टाकलाय.

ज्यांची कंपनी अजून धडधाकट चाललीये त्यांनी एवढं करा, प्रिंट देताना मागे पेन्सिलीने नाव, साल आणि "प्रदर्शनासाठी, परतीच्या बोलीने" किंवा "विक्री, कॉपीराइट राखून" लिहा, डिलिव्हरी चलनाची दुसरी प्रत सही-शिक्क्यासह ठेवा आणि त्याचा फोन कॅमेऱ्याने फोटो काढा. कॉपीराइट नोंदवणं सक्तीचं नाही, हक्क फोटो काढल्याक्षणीच असतो, पण महत्त्वाच्या चार फोटोंची नोंदणी करायची असेल तर फी एका कामाला ५०० रुपये आहे, एका चांगल्या फ्रेमच्या काचेपेक्षा स्वस्त.

आता ते, जे तुम्ही शेवटी लिहिलंय पण ज्यामुळे सगळं अडलंय. तुम्हाला वाटतंय की क्लेम केला तर तुम्ही जुन्या मालकांच्या पडत्या काळात हिशेब मागितला. मी जरा उलटं विचारते. तुम्ही नाही मागितलं तर कुणाचा फायदा? त्यांचा नाही होणार, कंपनी आता त्यांच्या हातात नाहीच, कारभार आयआरपीकडे आहे आणि तुमचे चाळीस प्रिंट्स विकून येणारे पैसे बँकेकडे जातील. त्यांनी ज्या हौसेने ते फोटो जमवले ती हौस एका लॉटमध्ये भंगारवाल्याला जाऊ नये असं त्यांनाही वाटत असेल, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. तुम्ही न बोलणं म्हणजे त्यांच्याशी इमान राखणं, हे तुम्ही मनाशी ठरवलंय, त्यांना विचारलंत का? पत्रावरून तरी वाटतं नाही विचारलं, चार वर्षं फोनसुद्धा नाही, लाज वाटते म्हणून.

तर नोटीस बाजूला ठेवा आणि त्यांना फोन करा. तब्येत विचारा. मग सरळ सांगा की साहेब, मी प्रदर्शनाचे चाळीस परत मागतोय, २००४ चे, ते विकलेले नव्हते हे तुम्हाला आठवतंय ना. आठवत असेल तर तेवढं एका मेलमध्ये लिहून द्या म्हणा, त्यांची एक ओळ तुमच्या सगळ्या थंबनेलांपेक्षा भारी पडेल. आणि विचारा गोडाऊनची आवक-जावक वही कोण ठेवायचं. अशा प्रत्येक ऑफिसात एक माणूस असतो, बहुतेक वेळा स्टोअरकीपर, ज्याच्या अक्षरात सगळं लिहिलेलं असतं, कधी काय आलं, कशासाठी आलं, आणि परत जायचं होतं का. त्याला निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असतील, डोंबिवलीला की वसईला राहत असेल, वही कुठल्या कपाटात आहे ते त्याला अजून पाठ असेल. आयआरपीच्या माणसांना ते कपाट कागदपत्रांचं वाटणारच नाही. त्या माणसाचा नंबर घ्या, आजच.